अर्जात बाबांबद्दल लिहिलेली ओळ

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी मला व्हरांड्यात थांबवलं आणि एक छापील कागद हातात दिला. एका मोठ्या संशोधन संस्थेची उन्हाळी फेलोशिप होती. दोन महिने बंगळूरला राहायचं, तिथल्या प्रयोगशाळेत काम करायचं, राहण्याजेवणाची सोय त्यांचीच. देशभरातून मुलं अर्ज करतात आणि थोड्यांनाच घेतात, असं त्यावर स्पष्टच लिहिलं होतं.

"भर," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मला मिळेल का?"

"ते मी विचारलं का? भर म्हटलं."

मॅडम अशाच बोलायच्या. माझ्यावर त्यांचा विशेष जीव होता असंही नाही. प्रॅक्टिकलला मी पानांच्या आकृत्या बऱ्या काढायची, एवढीच आमची ओळख.

मी गोंदियाला मुलींच्या होस्टेलवर राहायची. घर नवेगाव बांधच्या पलीकडे, एका लहान जुन्या तलावाच्या काठच्या गावात. आम्ही ढिवर. बाबा मच्छीमार सोसायटीचे सभासद, माय आठवडी बाजारात मासोळी विकते. बारावीच्या पुढे शिकलेली घरात मीच पहिली. होस्टेलवर मी हे कुणाला आपण होऊन सांगत नसे. कुणी विचारलं तर "शेती आहे" म्हणायची. शेती होती, पण नावापुरती.

अर्जातला सगळ्यात अवघड भाग होता स्वतःबद्दल पाचशे शब्दांत लिहायचा निबंध, तोही इंग्रजीत. तुम्ही कोण, तुम्हाला काय शोधायचं आहे आणि का, एवढंच विचारलेलं. माझी खोलीतली मैत्रीण जवळच्याच गोरेगावची होती. तिनं मोबाइलवर एक तयार नमुना शोधून दिला. मी त्यात नाव-गाव बदललं, दोन-तीन भारी शब्द घातले आणि मॅडमकडे नेऊन दिला. पहिलंच वाक्य होतं, लहानपणापासून मला विज्ञानाची अतोनात ओढ आहे.

मॅडमनी उभ्याउभ्याच वाचलं. "लहानपणापासून म्हणजे केव्हापासून?"

"म्हणजे... शाळेपासून," मी म्हटलं.

"ये क्या है? लहानपणी तू काय करत होतीस, ते सांग ना."

"बाबांबरोबर तलावावर जायची."

"कशाला?"

"जाळं धुवायला. मासोळी वेगवेगळी करायला. कधी नुसतीच."

"मग ते कुठे आहे यात?" त्यांनी कागद परत दिला.

आठवडाभरानं मी दुसरा मसुदा नेला. या वेळी तलाव लिहिला, पण जसा मला वाटलं की लोकांना आवडेल तसा. मातीचं घर, बाबांचे पाण्यानं भेगाळलेले पाय, मायच्या डोक्यावरची टोपली. लिहिताना मला स्वतःलाच रडू आलं होतं, म्हणून चांगलं झालंय अशी खात्री होती. मॅडमनी या वेळी बसून वाचलं. चष्मा काढला.

"वाचून मला वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "पण वाईट वाटतं म्हणून तुला कुणी प्रयोगशाळेत घेणार नाही. आणि घेऊही नये. तुला काय कळतं ते लिही. तुला काय कळत नाही आणि कळून घ्यायचंय, तेही लिही. बाकी पुसून टाक."

मला राग आला. जिना उतरताना मनात म्हटलं, नको तुमची फेलोशिप. पण त्या शनिवारी एस.टी.नं घरी जाताना नवेगाव बांधपर्यंत मी दुसरा कसलाच विचार करू शकले नाही. मला काय कळतं? पानांच्या आकृत्या. आणि?

रविवारी सकाळी सोसायटीची माणसं तलावातलं बेशरम काढत होती. हे झुडूप पाण्याच्या काठानं माजतं आणि तलाव खाऊन टाकतं. बाबा कमरेइतक्या पाण्यात उभे होते. मीही उतरले. बेशरम उपटताना बाबा मध्येच एका जागी थांबायचे आणि पाण्यातलं दुसरं गवत हातानं बाजूला सारायचे, त्याला धक्का लागू द्यायचे नाहीत. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

"बाबा, हे काऊन ठेवता?"

"हा चिला हाय. हा गेला का लहान मासोळी गेली."

"आणि हा?" पाण्यावर गोल पानं पसरलेली होती.

"चौरा. याच्या पानाखाली अंडी देते मासोळी." त्यांनी एक पान उलटं केलं. खाली चिकट, पारदर्शक थेंबासारखं काहीतरी लागलेलं होतं. "पाह्य. मंग पलीकडच्या तलावात मासोळी काऊन नाई? तेथं चौरा बी नाई, चिला बी नाई. सारं बेशरम."

"पण दोन्हीपैकी जास्त कशानं होते? चिल्यानं का चौऱ्यानं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "कायले विचारून राहिली?"

"शिकायला."

त्यांनी बेशरमाचं एक झुडूप मुळासकट उपटून काठावर फेकलं. मग म्हणाले, "ते मले बी नाई मालूम."

पाण्यात उभी असतानाच मला कळलं की हेच लिहायचं. बाबांना तीस वर्षांत जे कळलं ते, आणि बाबांनाही जे माहीत नाही ते.

पुढचे चार रविवार मी घरी गेले. मायचं पांढरं तामचिनीचं ताट घेतलं. चिल्याचं मूठभर गवत पाण्यातून अलगद उचलायची, ताटातल्या पाण्यात झटकायची आणि खाली पडलेले किडे, गोगलगायी, अळ्या मोजायच्या. मग चौऱ्याचं तेवढंच. वहीत लिहायचं. माय पहिल्या दिवशी ताट शोधत काठावर आली आणि माझ्या ताटात वळवळणारे किडे पाहून तिनं कपाळावर हात मारला.

"बाप्पा! जेवाच्या ताटात?"

"पांढऱ्यात चांगले दिसते, माय."

"मंग तेच ताट तुले देतो आता जेवाले," ती म्हणाली आणि निघून गेली. पण दुसऱ्या रविवारी ताट घासून दारात ठेवलेलं होतं. चौथ्या रविवारी ती माझ्या शेजारी उकिडवी बसून मोजत होती, आणि माझ्यापेक्षा लवकर मोजत होती. बाजारात ढिगातून मासोळी नजरेनंच मोजायची सवय तिची.

तिसरा मसुदा मी घरीच लिहिला. इंग्रजी शब्दकोशातून एकेक शब्द काढत. लिहून झाल्यावर बाबा म्हणाले, "वाचून दाखव. आमचं का लिहिलं ते कळू दे."

मी अंगणात खाटेवर बसले. एकेक वाक्य इंग्रजीत वाचायचं आणि मग त्यांना समजेल असं सांगायचं. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते, माय दाराशी तांदूळ निवडत होती. तलाव आला, बेशरम आलं, चिला आला. बाबा मान डोलावत होते. मग ती ओळ आली. मी लिहिलं होतं, तिथल्या अशिक्षित मच्छीमारांचा असा समज आहे की या वनस्पतींमुळे मासे वाढतात.

मी इंग्रजी वाचलं आणि थांबले.

"थांबली काऊन? सांग ना," बाबा म्हणाले.

ही ओळ मी सहज लिहिली होती. पुस्तकांत, पेपरात आमच्या लोकांबद्दल असंच लिहिलेलं वाचलं होतं. इंग्रजीत ती मला शास्त्रीय वाटली होती. आता मराठीत तिचे शब्द तोंडात आले आणि समोर तो अशिक्षित मच्छीमार भिंतीला टेकून बसलेला होता. तलावात कुठं पाय ठेवायचा हेसुद्धा त्यानंच मला शिकवलं होतं.

"इथं लिहिलंय," मी म्हटलं, "का तलावावरची माणसं सांगतात, या झाडांनी मासोळी वाढते."

"बराबर हाय," बाबा म्हणाले.

मी पुढचं वाचून दाखवलं. पण खोटं बोलल्याची शरम अंगभर होती. ते उठून गेल्यावर मी ती ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिलं: माझे वडील तीस वर्षं या तलावात मासेमारी करतात. त्यांचं निरीक्षण असं आहे की जिथं या दोन वनस्पती टिकल्या, तिथं लहान मासे टिकले. चौऱ्याच्या पानाखाली मासे अंडी देतात, असंही ते सांगतात. या दोन्हींपैकी कोणत्या वनस्पतीमुळे मासे जास्त वाढतात हे त्यांना माहीत नाही. मलाही नाही. ते मला शोधायचं आहे.

होस्टेलवर जी गोष्ट मी लपवत होते ती मी अशी परक्या माणसांना, परक्या भाषेत, सही करून सांगितली. लिहून झाल्यावर मी ते चार वेळा वाचलं. इतका अभिमान मला बारावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा वाटला नव्हता.

मॅडमनी लाल पेन काढून सुरुवात केली. व्याकरणाच्या चुका भरपूर होत्या, त्यांनी एकेक गोल केला. त्या ओळींपाशी आल्यावर पेन थांबलं. त्यांनी बाजूला एक बारीकशी बरोबरची खूण केली आणि पुढे गेल्या. नंतर म्हणाल्या, "शिफारसपत्र मी आजच लिहिते. दुसरं प्राणिशास्त्राच्या सरांकडून घे. त्यांना हे वाचायला दे, नुसती सही मागू नकोस."

मी त्या वर्षी तीन ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणाहून नकार आला, एका ठिकाणाहून काहीच आलं नाही. तिसरी म्हणजे ही बंगळूरची संस्था. त्यांनी ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं.

मुलाखतीसाठी मॅडमनी आपली प्रयोगशाळा उघडून दिली, कारण कॉलेजात तिथलंच नेट धड चालायचं. पडद्यावर तिघं होते, दोन पुरुष आणि एक बाई. मी दोन आठवडे इंग्रजी उत्तरं पाठ केली होती. पहिल्या प्रश्नाला पाठ केलेलं बोलले. दुसऱ्याला अडखळले. तिसऱ्याला अर्धं वाक्य मराठीतच निघून गेलं. त्या बाई म्हणाल्या, "आराम से. हिंदी में बोलिए."

गोंदियात राहिलेल्या मुलीला हिंदीची काय भीती! मी ताट सांगितलं, मूठभर गवत सांगितलं, चार रविवार सांगितले. एकानं विचारलं, दोन्ही वनस्पती तू सारख्याच खोलीवरून घेतल्या का? मी म्हटलं, नाही, चौरा काठाजवळून घेतला आणि चिला थोडा आतून. ती माझी चूक झाली, ते मला नंतर लक्षात आलं. पुन्हा केलं तर एकाच ओळीतून घेईन.

मग त्या बाईंनी विचारलं, "पानांखाली माशांची अंडी असतात असं तू लिहिलंस. ती माशांचीच आहेत हे कशावरून?"

"बाबांनी सांगितलं."

"और आप? आपने देखा?"

"नाही," मी म्हटलं. "अंडी पाहिली. त्यातून मासा निघताना नाही पाहिला."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मी बाहेर आले तेव्हा मॅडम दाराशी स्टूल टाकून बसल्या होत्या. कुणी गडबड करू नये म्हणून पाऊण तास त्या तिथं राखण करत होत्या. "गेलं," मी म्हटलं. "जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणून सांगून आले."

"मग नीट झालं," त्या म्हणाल्या.

निवडीचा मेल आला तेव्हा मी मेसमध्ये जेवत होते. उजवा हात वरणाचा, डाव्या हातानं मोबाइल धरलेला. दोनदा वाचला, मग मैत्रिणीला वाचायला दिला, कारण मला वाटलं मी इंग्रजी चुकीचं समजतेय. तिनं वाचला आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली की स्वयंपाकाच्या बाई बाहेर आल्या. मी तशीच खरकट्या हातानं मॅडमना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "जाण्याआधी स्लाइड बनवायला शीक. तुझ्या लाजाळूच्या स्लाइडवर लाजाळू कमी आणि माती जास्त होती."

घरी फोन केला. बाबा म्हणाले, "बरं झालं." आणि फोन मायकडे दिला. मला वाटलं, त्यांना नीट समजलं नाही. मायनं सांगितलं, "ते बाहेर गेले. सोसायटीत सांगाले."

बंगळूरचे दोन महिने मी फार थोडं झोपले आणि फार शिकले. सुरुवातीला इतर मुलांच्या बोलण्यासमोर मी मूग गिळून बसायची. मोठमोठ्या कॉलेजांतली होती ती. पण एकदा सगळे जवळच्या तळ्यावर नमुने घ्यायला गेलो, तेव्हा ती सगळी काठावर बूट सांभाळत उभी राहिली आणि मी सलवार खोचून आत शिरले. पाय कुठं रुततो, कुठं टिकतो, हे माझ्या पायालाच कळत होतं. मार्गदर्शक बाई, त्याच मुलाखतीतल्या, काठावरून म्हणाल्या, "सगळ्यांनी बघा ती कशी चालतेय." त्या दिवसापासून मी बोलायला लागले.

घरून मी स्पिरिटच्या बाटल्यांत नमुने नेले होते. सूक्ष्मदर्शकाखाली चिल्याच्या बारीक पानांत इतके जीव सापडले की माझी ताटावरची मोजणी पोरखेळ वाटली. लहान मासोळीचं सगळं खाणं तिथं होतं. बाबा बरोबर होते. मग चौऱ्याचं पान काढलं. त्या चिकट थेंबातली अंडी मी पाहिली आणि पुन्हा पाहिली. बाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि मलाच विचारलं, "काय वाटतं?"

ती माशाची नव्हती. गोगलगायीची होती.

शेवटच्या दिवशी मी सगळ्यांसमोर पंधरा मिनिटं बोलले, अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी. टाळ्या मिळाल्या, प्रमाणपत्र मिळालं. परतीच्या गाडीत मात्र मला एकच काळजी होती, ही गोष्ट बाबांना कशी सांगायची. ज्या बाबांचं निरीक्षण मी इतक्या मानानं लिहिलं, त्यातलं अर्धं चूक निघालं होतं.

घरी गेल्यावर दोन दिवस मी बंगळूरच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, ही एक सोडून. तिसऱ्या दिवशी लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, तलावाचं पाणी भरलं आणि खाली अंडी असलेलं चौऱ्याचं एक पान त्यात सोडलं. खिडकीत ठेवली. बाबांनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, रोज पाहत जा.

ते रोज पाहायचे. कामावर जाताना एकदा, आल्यावर एकदा. आठवडा उलटून गेला. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. बरणीच्या काचेवर आतल्या बाजूनं मोहरीच्या दाण्याहून लहान असे ठिपके चढत होते. बाबा नाक काचेला लावून पाहत होते.

"हे तं गोगलगाय होय," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"सारेच?"

"त्या पानावरचे सारेच. मासोळीची अंडी नसतात ती. तिथं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं मी."

ते खाटेवर बसले. मला वाटलं, दुखावले. तीस वर्षं ज्यांच्याकडे लोक तलावाचं विचारायला येतात, त्यांना पोरीनं घरात बसून चूक ठरवलं. मी काहीतरी समजूत घालणार तेवढ्यात ते म्हणाले, "माह्या बापानं मले असंच सांगितलं होतं. त्यानं बी नाई पाह्यलं, म्या बी नाई पाह्यलं." मग बरणीकडे बोट करून म्हणाले, "तुनं पाह्यलं."

त्या दिवशी ते बरणी छातीशी धरून सोसायटीच्या शेडमध्ये घेऊन गेले. मीही मागोमाग गेले. दहा-बारा माणसं जमली. एका म्हाताऱ्या सभासदानं मानायला साफ नकार दिला. मला त्यानं इतके प्रश्न विचारले की बंगळूरची मुलाखत त्यापुढं काहीच नाही. पान कोणत्या काठाचं? पाणी बदललं होतं का? गोगलगाय आधीच बरणीत नव्हती कशावरून? हा शेवटचा प्रश्न तर एकदम बरोबर होता, आणि मी तसं म्हटलं. मग त्यानं स्वतःच्या घरी दोन बरण्या ठेवायच्या ठरवल्या, एक पानाची, एक बिनपानाची. बाबा सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "माह्या पोरीनं मले चूक दाखवली." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की जणू पोरीला पदक मिळालंय. बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, ओळखीच्या कुणालाही ते अजून हेच सांगतात. पलीकडच्या तलावात त्या पावसाळ्यात सोसायटीनं आधी चिला लावला.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे आणि पुढच्या शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरतेय. या वेळचा निबंध आठशे शब्दांचा आहे. तुमचं मत बदलायला लावणारा एखादा अनुभव लिहा, असं त्यात विचारलंय. गेल्या रविवारी मी बाबांना विचारलं, की तुमचं एक चुकलं होतं, ते लिहू का?

बाबा जाळ्याची गाठ मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"लिही," ते म्हणाले. "पण चिल्याचं माह्यं बराबर होतं, ते बी लिहिजो."